पाच मीटरवरची सुंदराबाई

सुधीर केळशीकरांना उभ्या जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही, आणि त्याच एका गुणावर ते सानपाड्याच्या 'सागरगंध' सोसायटीचे अकरा वर्षं सेक्रेटरी होते. दर वर्षी सभेत कुणीतरी त्यांचं नाव सुचवायचं, दुसरं कुणीतरी अनुमोदन द्यायचं, आणि ते तोंड उघडेपर्यंत टाळ्या वाजून मोकळ्या व्हायच्या. अंटार्क्टिकालाही ते असेच गेले. जयमालाबाईंनी एका संध्याकाळी कोथिंबीर निवडता निवडता सांगून टाकलं की बुकिंग झालंय, जानेवारीत निघायचंय आणि थर्मलचे कपडे आणायला शनिवारी जाऊ. तिथे आहे काय, असं सुधीररावांनी भीत भीत विचारलं. तिथे काहीच नाही, म्हणूनच तर जायचं, असं उत्तर आलं.

खरं कारण होतं धाकटी जाऊ, ऋता. तिनं आदल्या वर्षी युरोप केला होता आणि तेव्हापासून तिचं प्रत्येक वाक्य "आमच्या स्वित्झर्लंडला ना" इथून सुरू व्हायचं. वरणाला फोडणी घालतानासुद्धा स्वित्झर्लंड. एवढ्या मोठ्या युरोपला चीत करायचं तर एखादा देश पुरला नसता, खंडच लागणार होता.

आणि ही काही साधीसुधी ट्रिप नव्हती बरं का! 'जबाबदार पर्यावरणस्नेही ध्रुवयात्रा' असं तिचं भारदस्त नाव होतं. मुंबईहून तीन विमानं बदलायची, मग बोटीत बसून दोन दिवस पोटातलं सगळं समुद्राला अर्पण करायचं, आणि पृथ्वीच्या त्या टोकाला पोचून आपली पाऊलखूण अजिबात न ठेवता परत यायचं, हे तिचं तत्त्व. विमानांच्या धुराचं काय, असा एक फाटा सुधीररावांच्या मनात फुटला होता. पण कंपनीनं दर प्रवाशामागे एक रोप लावून त्याचीही सोय केली होती. सुधीररावांचं रोप खांदेश्वर स्टेशनजवळच्या दुभाजकात होतं. निघण्याआधी ते मुद्दाम बघून आले. पाटी होती, पाटीवर नावही बिनचूक होतं, फक्त रोप नव्हतं. पाटीला कुणीतरी शेळी बांधली होती.

बोटीवर नियमांचा नुसता पाऊस. बर्फावर उतरण्याआधी बूट औषधाच्या पाण्यात घासायचे, खिसे व्हॅक्यूमनं साफ करायचे, खाण्याचा कणही बरोबर न्यायचा नाही, आणि तिथला खडासुद्धा उचलायचा नाही. नेमकी संक्रांत बोटीवरच आली होती. जयमालाबाईंनी घरून दीड किलो तिळाच्या वड्या नेल्या होत्या आणि बोटीवरच्या चाळीस मराठी माणसांना वाटल्याही होत्या. तपासणीत सुधीररावांच्या जॅकेटच्या शिवणीत एक तीळ सापडला. तिथल्या गोऱ्या बाईनं तो चिमट्यात धरून असा काही वर उचलला की सुधीररावांनी दोन्ही हात वर केले. जयमालाबाई मात्र पदर खोचून पुढे झाल्या. भाजलेला तीळ उगवत नाही हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, असं त्यांनी इंग्रजीत ठणकावून सांगितलं. बाई बधली नाही. तीळ पिशवीत घालून सीलबंद झाला.

आता गंमत बघा. ज्या बाईनं सोसायटीत आजवर ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा म्हणून ठेवला नाही, ती त्या तिळावर भाळली. कुणीतरी आपल्याला एवढ्या तोऱ्यात अडवतंय याचंच त्यांना अप्रूप वाटलं. दुसऱ्या दिवसापासून जयमालाबाई इतरांचे खिसे तपासायला लागल्या. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं म्हणजे लांबच; डोंबिवलीचे एक काका सेल्फीसाठी सरकत सरकत साडेचार मीटरवर गेले तेव्हा यांनी त्यांना कॉलर धरून मागे ओढलं.

सुधीररावांच्या मनात मात्र एकच गोष्ट राहिली. पेंग्विन रोज समुद्राकडे जातात-येतात आणि चालून चालून बर्फात त्यांची पायवाट पडते. ती वाट त्यांची. माणसानं तिच्यावर उभं राहायचं नाही, ती ओलांडायची नाही, आणि आपल्या बुटाचा खड्डा पडला तर तोसुद्धा बुजवायचा, पेंग्विन पडेल म्हणून. एकदा अख्खा कंपू वाटेशी आला आणि मधोमध एक पेंग्विन विचार करत उभा. पुढेही जाईना, मागेही जाईना. सगळे चाळीस मिनिटं थंडीत कुडकुडत त्याच्यापुढे हात बांधून उभे राहिले. सानपाडा स्टेशनबाहेर रिक्षाला अर्धा मिनिट न थांबणारी आपली बायको नाकातून पाणी गळत असताना हूं की चूं न करता उभी आहे, हे सुधीररावांनी याचि डोळा पाहिलं.

परत आल्यावर जयमालाबाईंनी जाहीर केलं की मावंदं घालायचं. काशीयात्रेहून आल्यावर गंगेची पूजा करून लोकांना जेवू घालतात, मग दक्षिण ध्रुवाहून आल्यावर नको? सुधीरराव म्हणाले, अगं, ध्रुव आपण गेलो तिथून पावणेतीन हजार किलोमीटर लांब होता. त्यावर त्या म्हणाल्या, मुखदर्शन झालं ना, मग पुरे.

मावंदं ठरलं फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सोसायटीच्या हॉलमध्ये.

इथे सुंदराबाईची ओळख करून द्यायला हवी, कारण गोष्ट तिची आहे.

सुंदराबाई भोईर शेजारच्या गावठाणातली, सत्तरी ओलांडलेली आगरी बाई. आज जिथे सागरगंधच्या तीन विंग उभ्या आहेत तिथे तिच्या सासऱ्याची भातशेती होती. जमिनी गेल्या, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर कुंदननं, तिच्या मुलानं, तीन मजले चढवले. खाली भाडेकरू, वर एसी. कुंदन आईला सांगून दमला की बस गं आता टीव्ही बघत. पण सुंदराबाई ओहोटी लागली की डोक्यावर टोपली आणि हातात लोखंडी आकडी घेऊन निघायचीच. चिखलातल्या बिळांतून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, ओढायची, निवट्या मासे धरायची. गरज म्हणून नव्हे. घरात बसलं की तिला कोंडल्यासारखं व्हायचं, एवढंच.

तिची वाट सोसायटीतून जायची. पुढच्या गेटमधून शिरायचं, सी विंगला वळसा घालायचा आणि मागच्या छोट्या फाटकातून कांदळवनात उतरायचं. सोसायटी बांधली तेव्हा ती ऐन कामात वाटेसाठी जमिनीवर बसून राहिली होती, म्हणून बिल्डरनं ते फाटक ठेवलं. दुसरा रस्ता हायवेवरून, पुलाखालून, चांगला पाऊण तासाचा. तिचे गुडघे गेलेले. दोन्ही बाजूंना झुलत झुलत चालायची. तिकडून पोचेपर्यंत भरती लागली असती. म्हणजे फाटक बंद, तर सुंदराबाईची खाडी बंद. सरळ हिशोब.

सुधीररावांची आणि तिची ओळख वीस वर्षांची. ते सकाळी फेऱ्या मारायचे, ती फाटकाशी टेकायची. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते हे त्यांना तिनंच शिकवलं. ती त्यांना भाऊ म्हणायची, आणि दर खेपेला दोन चिंबोऱ्या नांग्या बांधून हातात ठेवायची. अंटार्क्टिकाहून आल्यावर तिनं विचारलं होतं की तो पेंग्विन खातो काय. सुधीरराव म्हणाले, कोळंबीसारखं काहीतरी, आणि मासे. राहतो कुठे? पाण्याच्या कडेला. चालतो कसा? सुधीररावांनी झुलत झुलत चालून दाखवलं. सुंदराबाई पोट धरून हसली.

"म्हंजे आपल्यातलाच हाय की," ती म्हणाली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात फाटक बंद करायचं निघालं. चेअरमन आशुतोष चाळिशीतला हुशार माणूस, सगळं प्रेझेंटेशनमध्ये बोलणारा. त्याचं म्हणणं, मागच्या फाटकातून चिखल येतो, नवीन पेव्हर ब्लॉक खराब होतात, सी विंगच्या लॉबीत वास येतो. नावात सागर, नावात गंध, आणि तक्रार नेमकी त्याचीच! कुणीतरी म्हणालं, अगदी बंद नको, दहा ते बारा उघडं ठेवू. ओहोटीला सोसायटीची नोटीस कोण नेऊन देणार होतं देव जाणे.

सुंदराबाईच्या कानावर गेलंच. तिनं सुधीररावांना विचारलं आणि ते पटकन बोलून गेले.

"फाटक बंद होणार नाही. मी आहे ना."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला शब्द दिला होता. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

ठरावासाठी सभा लावली तर कोरम होईना. तेव्हा आशुतोषनं शक्कल काढली की मावंद्याच्या दिवशीच सभा घेऊ. श्रीखंड-पुरी म्हटल्यावर मालकच काय, भाडेकरूसुद्धा सभासद व्हायला आले. 'पेंग्विन परिवार' हा बोटीवरच्या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्यातले वीस जण ठाणे-डोंबिवलीहून कंपनीनं भेट दिलेले लाल फुगीर कोट घालून हजर झाले.

पूजेला बसल्यावर गुरुजींनी विचारलं, तीर्थ कुठाय? गंगापूजन म्हणजे तिथलं पाणी हवं. जयमालाबाईंनी चौरंगावर एक रिकामी बाटली ठेवली. तिथून काहीही आणायचं नाही हाच धर्म असल्यामुळे ही बाटली जबाबदारीनं रिकामी आणली आहे, असं त्यांनी समजावलं. गुरुजी पंचवीस वर्षं नवी मुंबईत पूजा सांगत होते. त्यांनी बाटलीला हळद-कुंकू वाहिलं आणि पुढचा मंत्र घेतला. ऋता पाया पडायला वाकली आणि हळूच म्हणाली की आमच्या स्वित्झर्लंडला निदान चॉकलेट आणता येतं.

मग पडदा, मग स्लाइड. बर्फ, बर्फ, जयमालाबाई, बर्फ. शेवटी ती पायवाट आणि तिच्यात विचार करत उभा तो पेंग्विन आला. जयमालाबाईंनी पडद्यासमोर हात जोडले. त्या म्हणाल्या, ही वाट त्याची आहे, आपण पाहुणे, त्यानं जायचं आणि आपण थांबायचं. हॉलमध्ये रुमाल निघाले. लगेच आशुतोष उठला आणि फाटक कायमचं बंद करण्याचा ठराव वाचला. स्लाइड बंद करायची राहून गेली होती, त्यामुळे त्याच्या डोक्यामागे पेंग्विन तसाच उभा होता. एवढ्या माणसांत त्यात कुणाला काही वावगं वाटलं म्हणाल तर नाही. हात वर जायला लागले.

सुधीररावांच्या खिशात चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं, "ती वाट आपल्याआधीची आहे. ती बंद करायचा आपल्याला हक्क नाही." आठवडाभर त्यांनी ती बाथरूममध्ये नळ सोडून म्हणून पाहिली होती. ते उठले. दीडशे माणसं श्रीखंडाकडे डोळे लावून बसलेली. चिठ्ठी हातात आली आणि हातातच राहिली. तेवढ्यात नजर पडद्यावर गेली.

"मी काय म्हणतो," सुधीरराव म्हणाले, "इतक्या लांब जाऊन आपण हे बघितलं. आपल्या मागच्या फाटकातून रोज एक जाते... सुंदराबाई. तशी आता एकच उरलीय या बाजूला. तिची वाट बंद करण्याऐवजी आपण ती जपली तर? म्हणजे, त्याच नियमानं. पाच मीटरवरून."

मग आशुतोषच्या चेहऱ्यावर दिवा लागला. सर, हे ब्रिलियंट आहे, तो म्हणाला. पुढचं सुधीररावांना बोलावंच लागलं नाही. जबाबदार पर्यटन, खाडी संस्कृती, सोसायटीला पर्यावरणाचा पुरस्कार. शब्दावर शब्द आले आणि ठराव एकमतानं पास झाला. जयमालाबाईंनी भर सभेत नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं त्यांनी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं.

खोटं कशाला बोला, सुधीररावांना स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं. कुणाला दुखवलं नाही, भांडण नाही, साप मेला आणि काठीही शाबूत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुंदराबाईला सांगितलं की फाटक उघडं राहणार, कायमचं. कसं ते सांगितलं नाही. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली आणि दोनऐवजी सहा चिंबोऱ्या दिल्या.

मग काम सुरू झालं. सी विंगपासून फाटकापर्यंत दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर मोजून दोऱ्या बांधल्या. बागेतले दोन पेंग्विन, ज्यांच्या आ वासलेल्या तोंडात आपण केळीची सालं टाकतो ते, शोभेसाठी फाटकाशी आणून ठेवले. फिनेलच्या पाण्याचा एक निळा टब आला. आणि एक मोठा फलक. मजकूर सेक्रेटरीनं लिहायचा असतो. सुधीररावांनी बोटीवरचं माहितीपत्रक समोर ठेवलं आणि जिथे जिथे पेंग्विन होता तिथे तिथे मराठी शब्द घातला. खाली रोजची वेळ लिहायला एक काळी पट्टी ठेवली, कारण ओहोटीची वेळ बदलते हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

पहिला कार्यक्रम मार्चच्या पहिल्या रविवारी. सकाळचे साडेदहा, ऊन असं की डांबर मऊ झालेलं. त्यात पेंग्विन परिवार लाल कोट घालून, गमबूट फिनेलमध्ये बुडवून, दोरीमागे दोन रांगांत उभा. घामाच्या धारा लागलेल्या, पण कुणी तोंडातून शब्द काढत नव्हतं. जयमालाबाई ओठांवर बोट ठेवून पुढे उभ्या होत्या. सुधीररावांकडे दोरीचं टोक दिलं होतं.

सुंदराबाई फाटकातून आत आली. मांड्यांपर्यंत चिखल, डोक्यावर टोपली, दोन्ही बाजूंना झुलत. समोर चाळीसभर माणसं मान खाली घालून गप्प उभी. ती जागीच थांबली. तशी सगळ्यांनी श्वास रोखला. तिनं टोपली खाली ठेवली, पदर डोक्यावरून घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोन गेलं?"

कुणी उत्तर दिलं नाही. बोलायचं नाही असा नियम होता. सुंदराबाईनं एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. डोंबिवलीचे काका मोबाइल काढून शूटिंग करायला लागले. मागून कुणीतरी कुजबुजलं की बघा, अजिबात घाबरत नाहीये. तिनं ते ऐकलं. मग तिला दोरी दिसली, टब दिसला, फलक दिसला, आणि दोरी धरून उभे असलेले सुधीरराव दिसले.

"भाऊ, काय लिवलंय त्याच्यावर?"

सुधीररावांनी जयमालाबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे वटारले. पण सुंदराबाई वाटच बघत राहिली. शेवटी सुधीररावांनी वाचलं, आणि वाचताना त्यांचा आवाज लहान लहान होत गेला.

"येथे पारंपरिक खाडीवासी स्त्री मुक्तपणे वावरते. तिच्यापासून पाच मीटर अंतर ठेवावे. तिच्याशी बोलू नये. तिला खायला देऊ नये, तिच्याकडून काही घेऊ नये. त्यामुळे तिच्या नैसर्गिक वर्तनात बदल होतो. तिची वाट अडवू नये. ती जवळ आल्यास स्तब्ध उभे राहावे. ती स्वतःहून निघून जाईल."

सुंदराबाईनं फलकाकडे बोट केलं.

"कोनी लिवलं?"

"मी," सुधीरराव म्हणाले.

"त्या पेंग्विनला वाचाला येतं?"

"नाही."

"बरं हाय त्याचं," सुंदराबाई म्हणाली.

तिनं टोपलीतून नांग्या बांधलेल्या दोन चिंबोऱ्या सवयीनं बाहेर काढल्याच होत्या. त्या तिनं परत आत ठेवल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि सुधीररावांसमोरून जाताना क्षणभर थांबली.

"मागं सरा, सेक्रेटरीसाहेब. पाच मीटर."

वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांना साहेब म्हटलं. सुधीरराव मागे सरले. ती सी विंगला वळसा घालून दिसेनाशी झाली आणि दोरीमागे टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्यानंतर सुंदराबाई त्या वाटेनं आली नाही. फाटक सताड उघडं. पुढच्या रविवारी मंडळी जमली, तासभर थांबली आणि परत गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. जयमालाबाईंनी सर्वांना समजावलं की हे स्थलांतर असतं, जीव बुजतो, धीर धरावा लागतो, आम्ही तिकडे चाळीस मिनिटं थांबलो होतो. तिकडे कुंदननं आईचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता, त्याला तीनशे लोकांनी हात जोडले होते, आणि तो खुश होता.

सुधीररावांना मात्र गॅलरीतून ती दिसायची. हायवेच्या कडेनं, ट्रकच्या धुळीत, टोपली घेऊन झुलत झुलत पुलाकडे चाललेली. दर वीस पावलांवर थांबायची, कठड्याला हात टेकायची. एक दिवस ती टोपली उपडी घेऊनच परत येताना दिसली. पोचेपर्यंत भरती लागली असणार. त्या दिवशी सुधीरराव अर्ध्या ताटावरून उठले. आपण कुणाचं वाईट केलं नाही असं ते स्वतःला समजावत होते, आणि तेच तर त्यांनी आयुष्यभर स्वतःला समजावलं होतं. शरम वाटली त्यांना. साठी उलटल्यावर, अकरा वर्षं सेक्रेटरीपद केल्यावर, सरळ सरळ शरम.

संध्याकाळी ते गावठाणात गेले. सुंदराबाई ओट्यावर बसून सुकटीतला कचरा निवडत होती. कुंदन आत या म्हणाला, पण सुधीरराव गल्लीच्या पलीकडच्या भिंतीला लागूनच उभे राहिले. तिथून ओटा पाच मीटर असेलच.

"वेळ मी लिहितो फलकावर," ते म्हणाले. "उद्यापासून भरतीची लिहीन. ओहोटीला तिथे कुणी नसेल."

सुंदराबाईनं मान वर केली नाही. सुकट निवडत राहिली. थोडा वेळ थांबून सुधीरराव परत आले, आणि काळ्या पट्टीवर त्यांनी खडूनं ठळक अक्षरांत भलतीच वेळ लिहिली. सोसायटीला सांगितलेलं हे त्यांचं पहिलं खोटं, आणि ते त्यांनी दोनदा गिरवलं.

त्या रविवारी पेंग्विन परिवार भर भरतीला येऊन लाल कोटात दोन तास घाम गाळत बसला. समोर नुसतं पाणी. जयमालाबाई म्हणाल्या, न दिसणं हासुद्धा एक अनुभव असतो, आणि डोंबिवलीच्या काकांना ते पटलं. आशुतोषनं तर पुरस्काराच्या अर्जात लिहिलं की येथील प्रजाती अत्यंत दुर्मीळ आहे.

सुंदराबाई आली ती पुढच्या मंगळवारी, खऱ्या ओहोटीला. सकाळचे सात वाजले होते. दोरीमागे कुणी नव्हतं, सुधीरराव एकटेच फाटकाशी होते. तिला पाहताच त्यांनी फाटक पूर्ण उघडलं आणि स्वतः मोजून मागे जाऊन उभे राहिले. ती त्यांच्याकडे न बघता खाली उतरली. दोन तासांनी परत आली तेव्हाही ते तिथेच होते. टोपली भरलेली होती, आतून चिंबोऱ्यांची खडखड ऐकू येत होती. सुंदराबाई त्यांच्यासमोरून पुढे गेली, सी विंगच्या कोपऱ्यापाशी थांबली आणि मागे न वळता बोलली.

"उद्या पाऊन तास उशिरा हाय पानी."

'भाऊ' ती म्हणाली नाही. टोपलीतही तिनं हात घातला नाही. ती कोपऱ्याआड गेल्यावर सुधीररावांनी फलकावरची वेळ पुसली आणि उद्याची खोटी वेळ लिहायला खडू हातात घेतला.